जागेवाल्यांची वीज

सरकारी अनुदानाची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. ज्याच्या पुढ्यात आधीच ताट वाढलेले आहे त्याच्या ताटात आणखी एक लाडू पडतो. आणि जो पंगतीबाहेर उभा आहे त्याला सांगण्यात येते, ‘बाबा, तू आधी पाटावर बस, मग वाढू.’ पाट मात्र त्याला कुणी मांडून देत नाही. विहीर असलेल्याला पंप मिळाला, शेत असलेल्याला ठिबक मिळाले. आणि आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी जो सार्वजनिक पैसा बाहेर पडतो आहे, त्याचीही वाट त्याच उंबरठ्यावरून जाते आहे. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे आणि ते आरंभीच सांगून टाकतो: चार्जिंगचे अनुदान आज जागेच्या मालकाच्या मागे धावते आहे; ते बिनजागेच्या माणसाच्या मागे गेले पाहिजे.

फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेला वाचक म्हणेल, सणासुदीला हा कोरडा विषय कशाला? पण विषय दिसतो तेवढा कोरडा नाही. ऐन दिवाळीत दारावरची बेल वाजते, घामाघूम झालेला एक मुलगा मिठाईचा पुडा आपल्या हाती देतो आणि खाली उभ्या केलेल्या विजेच्या स्कूटरकडे धावत सुटतो. ती स्कूटर रात्री कुठे चार्ज होते, असा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला आहे काय? त्याच्या खोलीला जिना आहे, अंगण नाही. तो बॅटरी खांद्यावर घेऊन तीन जिने चढतो आणि जिथे पोरे झोपतात त्याच खोलीत ती रात्रभर प्लगला लावून ठेवतो. नाहीतर खिडकीतून जोडवायर खाली सोडतो आणि पावसाच्या दिवसांत देवाचे नाव घेत झोपतो. विजेच्या गाड्यांचे युग आले, असे आपण ज्याच्या जोरावर म्हणतो, तो हा माणूस आहे.

हे अतिशयोक्तीचे बोलणे नव्हे. २०२४-२५ या वर्षात देशात विजेच्या दुचाकी साडेअकरा लाखांच्या आसपास विकल्या गेल्या. तिचाकींचा आकडाही लाखांत आहे. मोटारी मात्र लाखाच्या आसपासच राहिल्या. म्हणजे मोटारवाला एक, तर स्कूटरवाले अकरा. परंतु चार्जिंगविषयी कुठेही चर्चा निघाली की डोळ्यांपुढे येते ते गुळगुळीत रस्त्याकडेचे चकचकीत यंत्र आणि त्याला लावलेली मोटार. चित्रात स्कूटर नाही आणि रिक्षाही नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पेट्रोल आणि वीज यांत एक फरक आहे आणि सगळे भांडण त्या फरकातून निघते. पेट्रोलची टाकी पाच मिनिटांत भरते. म्हणून पंप थोडा लांब असला तरी बिघडत नाही; माणूस वाट वाकडी करून जातो, टाकी भरतो आणि पुढे निघतो. बॅटरी सावकाश जेवणारी आहे. साध्या स्कूटरच्या बॅटरीत सुमारे तीन युनिट वीज मावते आणि घरातल्या प्लगवर ती भरायला चार-पाच तास लागतात. मोटारीला तीस-चाळीस युनिट लागतात आणि घरगुती चार्जरवर अख्खी रात्र जाते. शीघ्र चार्जर तासाभरात मोटारीचे पोट बऱ्यापैकी भरतो, हे खरे. पण असा एकेक चार्जर काही लाखांत जातो, त्याला जाड केबल लागते, पुष्कळदा वेगळा ट्रान्स्फॉर्मर लागतो आणि या सगळ्याचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात उतरतो. तेव्हा गाडी जिथे रात्री निजते तिथेच तिला जेवू घालावे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोयीचा मार्ग. त्याला मोठे यंत्र नको. एक मजबूत प्लग, चांगले अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारे बटण आणि एक मीटर एवढे पुरे.

याचा अर्थ असा की, ज्याच्या बंगल्याला आवार आहे त्याला पंप घरीच मिळाला. तो आपल्या मीटरवर किंवा आयोगाने गाड्यांसाठी ठरवून दिलेल्या वेगळ्या दराने जोडणी घेऊन रात्री निवांत गाडी लावतो. ज्याला आवार नाही त्याला बाहेरच्या स्टेशनावर जावे लागते. तिथे विजेच्या दरावर जागेचे भाडे चढते, यंत्राची किंमत चढते आणि वर चालकाचा नफाही चढतो. इतक्यावर भागत नाही. २०२३ साली कर्नाटकातील जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने चार्जिंग ही ‘सेवा’ आहे असे ठरवून तिला १८ टक्के कर लागू होतो, असा निर्णय दिला. घरच्या मीटरमधून घेतलेल्या विजेवर जीएसटी नाही. तेच युनिट, तीच बॅटरी. पण अंगण असलेल्याने घेतले तर ती वीज आणि अंगण नसलेल्याने घेतले तर ती सेवा! गरिबाने घेतलेली वस्तू महाग पडते, हे आपण किराणाच्या दुकानात नेहमी पाहतो. इथे कायद्याच्या शब्दांनीच ती महाग झाली आहे.

अशा वेळी सार्वजनिक पैशाने काय करावे? उघड आहे, त्याने हे अंतर कमी करावे. त्याने काय केले ते आता पाहू.

केंद्र सरकारची ‘फेम’ योजना २०१५ साली सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत चालला. आरंभी ठरलेल्या दहा हजार कोटींपैकी एक हजार कोटी रुपये चार्जिंगसाठी होते. त्यातले आठशे कोटी २०२३ साली मंजूर झाले ते तीन सरकारी तेल कंपन्यांना, त्यांच्या पंपांवर ७,४३२ शीघ्र चार्जिंग स्टेशने उभी करण्यासाठी. पंपावर जागा होती, म्हणून पैसा पंपावर गेला. पण ज्या जागेची सारी रचना पाच मिनिटांच्या थांब्यासाठी आहे, तिथे तासभर थांबायची सोय करणे म्हणजे चहाच्या टपरीवर पंगत बसवण्यासारखे आहे. हमरस्त्यावर ते ठीक. शहरात मात्र रिक्षावाला तासभर पंपावर उभा राहिला तर तेवढी त्याची भाडी बुडाली.

महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये आपले धोरण जाहीर केले. त्यात संथ चार्जरला खर्चाच्या ६० टक्के, कमाल दहा हजार रुपये, असे पंधरा हजार चार्जरपर्यंत. आणि मध्यम वा शीघ्र चार्जरला खर्चाच्या ५० टक्के, कमाल पाच लाख रुपये, असे पाचशे चार्जरपर्यंत साहाय्य ठेवले होते. आता पाटीवर गणित मांडा. पंधरा हजार संथ चार्जरांना कमाल दराने पंधरा कोटी. पाचशे शीघ्र चार्जरांना कमाल दराने पंचवीस कोटी. एका शीघ्र चार्जरच्या साहाय्यात पन्नास संथ चार्जर बसतात. संथ चार्जरांची संख्या मोठी ठेवली, याबद्दल त्या धोरणाचे कौतुकच केले पाहिजे. पण पैशाची पिशवी जड झाली ती दुसऱ्याच हाताला.

आणि दहा हजारांचा तरी चार्जर कशाला? २०२१ सालीच केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने आणि नीती आयोगाने दुचाकी-तिचाकींसाठी साडेतीन हजार रुपयांच्या आत बसणाऱ्या चार्जिंग पॉइंटचे उद्दिष्ट पुढे ठेवले होते. पाच लाखांत असे एकशे चाळीस पॉइंट येतात. वायरिंग आणि मीटर धरून संख्या निम्मी झाली तरी सत्तर. एका यंत्रापुढे रांग लावायची की सत्तर स्कूटरी रात्रभर निश्चिंत उभ्या करायच्या, हा प्रश्न शाळकरी पोरालाही सुटेल.

१ ऑक्टोबर २०२४ पासून ‘पीएम ई-ड्राइव्ह’ ही नवी योजना आली. तिच्यात चार्जिंगसाठी दोन हजार कोटी रुपये राखले आहेत आणि मोटारींसाठी २२,१००, बसगाड्यांसाठी १,८०० व दुचाकी-तिचाकींसाठी ४८,४०० शीघ्र चार्जरांचे लक्ष्य आहे. दुचाकी-तिचाकींची आठवण सरकारला झाली, ही चांगली गोष्ट. तरी शब्द पुन्हा ‘शीघ्र’ हाच आहे. रात्री आठ तास रिकामी उभी राहणारी स्कूटर घाईघाईने भरण्यासाठी आपण महागडी यंत्रे घेतो, कारण तिला आठ तास उभे करण्याची सोय असलेली जागा आपल्या योजनेत बसत नाही.

हा दोष केवळ आपल्याच मातीचा आहे, असे मात्र समजू नये. जर्मनीसारख्या शिस्तीच्या देशात सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी बँकेमार्फत एक योजना निघाली. छतावर सौर पॅनेल, घरात साठवणीची बॅटरी आणि भिंतीवर चार्जर, असे तिन्ही एकत्र बसवणाऱ्याला १०,२०० युरोंपर्यंत साहाय्य. अट अशी की घर स्वतःचे हवे, त्यात स्वतः राहत असले पाहिजे आणि विजेची मोटार घेतलेली किंवा नोंदवलेली हवी. तीस कोटी युरो एका दिवसात संपले. संपतील नाही तर काय! ज्यांच्यापाशी घर, छत आणि मोटार तिन्ही होती ते तयारच बसले होते. भाडेकरूंनीही त्या तिजोरीत कर भरला होता. त्यांना वर्तमानपत्रातली बातमी मिळाली.

उलट ब्रिटनचे पाहा. तिथेही आरंभी घरी चार्जर बसवणाऱ्या बंगलेवाल्यांना खर्चाच्या पाऊण हिश्शापर्यंत, कमाल ३५० पौंड, मिळत असत. पण ३१ मार्च २०२२ ला ती खिडकी स्वतंत्र घरांच्या मालकांसाठी बंद झाली आणि दुसऱ्या दिवसापासून साहाय्य फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे व भाडेकरूंकडे वळवण्यात आले. पुढे रस्त्यावर गाडी लावणाऱ्या कुटुंबांचाही त्यात समावेश झाला. कारण साधे होते: ज्याला आवार आहे तो अनुदानाविनाही चार्जर लावणारच, ज्याला नाही त्याचे पाऊल अनुदानावाचून उचलत नाही. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर भागातील सदरलँड ॲव्हेन्यूवर २०२० साली रस्त्यावरच्या चोवीस दिव्यांच्या खांबांनाच चार्जिंगची सोय जोडून दिली. नवी जमीन नको, नवी इमारत नको. खांब पालिकेचा, रस्ता सर्वांचा.

‘पण आम्ही तर फ्लॅटमध्येच राहतो, आम्हांला कुठे बंगले आहेत?’ असे वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. तेव्हा आता सोसायटीच्या सभेत चला. एक सभासद उठून म्हणतो, “सेक्रेटरीसाहेब, मला माझ्या पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट हवा.” इतका वेळ पेंगणारी सभा एकदम जागी होते. एक काका विचारतात, “आग लागली तर?” दुसरे विचारतात, “बिल कोण भरणार?” तिसऱ्यांना गाडीच नाही, ते म्हणतात, “मग मला काय मिळणार?” अखेर चहा येतो आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो.

यात काकांना हसण्यासारखे काही नाही. त्यांचे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना उत्तरे आहेत. आगीची भीती जोडवायरीची आहे. नीट बसवलेल्या, अर्थिंग आणि गळतीचे बटण असलेल्या पॉइंटची तेवढी नाही. बिलासाठी वेगळा मीटर मिळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती होऊन गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची मुभा स्पष्टपणे दिली गेली. आणि नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस व ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी ठरली. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे आणि त्याला परवाना नको, हे तर केंद्राने एप्रिल २०१८ मध्येच सांगून ठेवले होते. कायदा आड येत नाही. आड येते ती इमारतीची जुनी केबल.

साठ बिऱ्हाडांची एक इमारत घ्या. तिच्या केबलमध्ये थोडी ताकद शिल्लक असते. पहिले चार मोटारवाले पॉइंट बसवतात आणि ती शिल्लक खाऊन टाकतात. प्रत्येकी साडेतीन किलोवॅट धरले तरी चौघांचे चौदा झाले. पुढे पाचवा येतो. बहुधा तो उशिरा गाडी घेऊ शकलेला, हप्त्यावर स्कूटर घेतलेला. त्याला सांगतात, “आता लोड संपला; नवी केबल टाकावी लागेल, ट्रान्स्फॉर्मर वाढवावा लागेल, खर्च काही लाख.” म्हणजे पहिल्यांनी शिल्लक नेली आणि शेवटच्याच्या गळ्यात खर्च पडला. आणि त्याच इमारतीत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू? परक्याच्या भिंतीत तो पदरचे वीस हजार कशाला घालील? दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी त्याची गत.

म्हणून अनुदान भिंतीवरच्या डब्याला देऊ नये. ते सामाईक केबलला, मीटरपेटीला आणि लोड वाटून देणाऱ्या यंत्रणेला द्यावे. रात्री बारानंतर आळीपाळीने वीज सोडली तर त्याच केबलवर चारांऐवजी कितीतरी जास्त गाड्या भरतात. अशी सोय झाली म्हणजे ती मालकाची राहत नाही. आज गाडी नसलेल्या काकांचीही होते आणि त्यांच्या घरी उद्या येणाऱ्या भाडेकरूचीही. त्या तिसऱ्या काकांना, ‘मग मला काय मिळणार?’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. आणि ज्या सोसायटीला हे साहाय्य हवे तिने भाडेकरूला पॉइंट नाकारणार नाही, असे आधी लिहून द्यावे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, नवी वस्तू नेहमी श्रीमंतच आधी घेतो. त्याला उत्तेजन दिले म्हणजे ती पुढे स्वस्त होऊन सर्वांपर्यंत झिरपते. फ्रिज आणि टेलिव्हिजन असेच आले, हे कबूल. पण त्यांच्यासाठी सरकारने कुणाला अनुदान दिले नव्हते! शिवाय इथे गरीब मागून येत नाही; तो अकरा लाखांनी पुढे आहे. दुसरा आक्षेप असा की हमरस्त्यावर शीघ्र चार्जर नसले तर लोक गाड्या घेणारच नाहीत. अगदी खरे. मुंबईहून कोकणात किंवा विदर्भात निघालेल्या कुटुंबाला वाटेत ते हवेतच, एस. टी. च्या डेपोंत आणि बेस्टच्या आगारांतही हवेत. तिथे जरूर पैसा घाला. पण तो यंत्र उभे केले म्हणून देऊ नका; ते चालते म्हणून द्या. फीत कापून झाल्यावर वर्षभरात किती युनिट वीज गाड्यांत गेली हे मोजा आणि त्या हिशेबाने हप्ता सोडा. बंद पडलेल्या यंत्राला पूर्ण अनुदान म्हणजे न शिजलेल्या भाताचे पैसे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चाळीत, झोपडपट्टीत, गल्लीबोळांत सोय करणे कठीण. तिथे अर्ज कोण करणार, जागा कुणाची, मीटर कुणाच्या नावावर? त्यांना मी एका जुन्या योजनेची आठवण देतो. १९८८-८९ साली केंद्र सरकारने ‘कुटीर ज्योती’ काढली. दारिद्र्यरेषेखालच्या घरात एक दिवा, एक जोडणी, खर्च सरकारचा. ‘तू आधी वायरिंग करून आण, मग बिलात सूट देतो,’ असे तेव्हा सरकार म्हणाले नाही. सरकार स्वतः दारात गेले, कारण अंधार दारात होता. आज जी जोडणी हवी तीही एकाच पॉइंटची आहे. चाळीच्या अंगणात, रिक्षाच्या थांब्यावर, मंडईच्या कडेला, पालिकेच्या दिव्याच्या खांबाला असे दहा-दहा पॉइंट बसवावेत. मीटर वीज कंपनीच्या किंवा पालिकेच्या नावावर असावा. ज्याने जेवढी वीज घेतली त्याने तेवढे पैसे मोबाईलवरून द्यावेत. आणि घरच्या विजेपेक्षा त्याला ती महाग पडू नये एवढ्यापुरते सरकारने साहाय्य द्यावे. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ बसवताना आपण कुणाला विचारले नव्हते की, तुझ्या नावावर विहीर आहे काय?

पैसा कमी आहे असे नाही. यंत्रेही बाजारात आहेत आणि नियम तर छापून झाले आहेत. कमी आहे ती नजर. ती अर्जदाराकडे जाते आणि अर्ज करायला ज्याच्यापाशी सातबारा किंवा इंडेक्स-टू नाही त्याच्यावरून घसरून पुढे जाते. वीज ही या देशात दिव्यासाठी आली तेव्हा ती खांबावरून सर्वांच्या रस्त्यावर आली. गाडीसाठी येताना ती फक्त फाटकाच्या आत जाणार असेल, तर निदान आपल्या करातून जाऊ नये.

हे बदलण्यासाठी मंत्रालयापर्यंत जाण्याचीच गरज आहे असे नाही. दिवाळी संपली की सोसायट्यांच्या सभा पुन्हा सुरू होतील. तिथे चार्जिंगचा विषय निघाला तर एकट्याच्या पॉइंटला नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू नका. सर्वांसाठी केबलचा ठराव मांडा आणि त्यात भाडेकरूचे नाव घाला. वॉचमनच्या स्कूटरसाठी आणि माल घेऊन येणाऱ्या मुलासाठी फाटकापाशी एक पॉइंट ठेवा. मग नगरसेवकाच्या दारी जा आणि समोरच्या चाळीसाठी तेच मागा.